रुमाल टाकलेली जागा

परभणीच्या स्टँडवर वालूरची गाडी लागायलाच लागली होती, तेवढ्यात कौसाबाईनं पळत जाऊन तिसऱ्या खिडकीतून रुमाल फेकला. तिचे गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरला दाखवून आलो होतो. गोळ्यांची पिशवी अजून तिच्या हातात होती. आणि बाई गाडी थांबायच्या आधी पळते. नेम मात्र चुकला नाही. रुमाल बरोबर दोघांच्या बाकड्यावर पडला.

आम्ही वर चढेपर्यंत तिथं एक पँट-शर्टातला माणूस बसला होता. रुमाल त्यानं उचलून समोरच्या दांडीवर वाळत घातल्यासारखा टाकला होता.

"दादा, रुमाल दिसला न्हाई का?"

"मावशी, रुमालाला तिकीट हाय का?"

"रुमालामागं माणूस हाय."

"कुठंय?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. मी दारातच अडकलो होतो. कुणाच्या तरी टोपल्यात धोतर गुंतलं होतं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मुकाट उठला. कौसाबाईनं मला खिडकी दिली. "बसा की. उभे कामून?" एवढंच.  आमच्यात आभार मानायची रीत नव्हती. सगळा संसार तसाच झाला.

पुढं अर्धा तास तिनं त्या उभ्या माणसाला सोडलं नाही. गाव कोणतं, घरी कोण, कोंबड्या किती, गावरान का खुराड्यातल्या, अंडी काय करता. गावरान अंडी आहेत म्हटल्यावर ती पुढं सरकली. उतरताना तो म्हणाला, "मावशी, उद्या डझनभर आणून देतो. कामासाठी येतोच मी वालूरला."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. रुमाल टाकून गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

ते पुढं सांगतो. आधी ती कशी होती ते सांगू द्या. न्हाईतर लोक तिच्याबद्दल नुसतं चांगलंच बोलत बसतील, आणि ते काही खरं नाही. मी चौथी शिकलेला माणूस. चुकलं तर सुधारून वाचा.

कौसाबाईला एक खोड होती. कुठंही जायचं म्हटलं की तिचा एकच सवाल. "तिथं कोण कोण हाय?" लग्नाला चला म्हटलं तरी तेच. देवळात कीर्तन आहे म्हटलं तरी तेच. मी म्हणायचो, "अगं, कीर्तन ऐकायचं का माणसं मोजायची?" ती म्हणायची, "माणसं नसतील तर कीर्तन भिंतीला सांगायलेत का?" गुडघ्याच्या डॉक्टरचं नाव मी काढलं तेव्हा लय चांगला आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "चांगला हाय ते खरं, पण त्याच्याकडं कोण कोण जातं?" चार ओळखीच्या बायकांची नावं सांगितली तेव्हा चप्पल घातली.

तिचा सगळा कारभार एका खुडूक कोंबडीपासून सुरू झाला. कोंबडी खुडूक झाली म्हणजे ती अंडी द्यायची थांबते आणि उबवायला बसते. खाली अंडी असोत का दगड असोत, तिला फरक पडत नाही. आता गंमत अशी, की जिच्याकडं कोंबडी खुडूक होते तिनं अंडी आधीच विकून खाल्लेली असतात. आणि जिच्याकडं अंडी असतात तिची कोंबडी उंडारत असते. कौसाबाई आयुष्यभर वालूरच्या गल्ल्यांतून हिची कोंबडी तिच्या अंड्यावर बसवत फिरली. पिल्लं निघाली की दोघीत वाटणी. हिला काय मिळायचं? काही नाही. कुणाकडं काय आहे ते ठाऊक असायचं. त्यातच तिचं पोट भरायचं.

मग पोरानं पुण्याहून दोन मोबाइल पाठवले. एक तिला, एक मला. मी माझा बोलण्यापुरता वापरला, आणि लाइट गेली की उजेडाला. तिनं ग्रुप काढला. नाव ठेवलं 'वालूरचं देणंघेणं'.

पहिल्या महिन्यात ग्रुपात सात बायका. सात जणींत कोंबडी एकीची खुडूक आणि अंडी कुणाकडंच नाहीत. अंडी नाहीत म्हणून कुणी येईना, कुणी येईना म्हणून अंडी येईनात. मी म्हणालो, झालं, मिटलं. एके दिवशी बाजेखाली झाडू मारायला गेलो तर टोपलीत बारा गावरान अंडी. सेलूच्या बाजारातून आणलेली. आणि ग्रुपात लिहिलेलं, मथुराबाईकडं बारा अंडी आहेत.

"अगं, ही अंडी तर आपल्या बाजेखाली हायत."

"मथुराबाईला ठाऊक हाय."

"मंग खोटं कामून लिव्हलंस?"

"एकदा लोक आले की खरं व्हईल."

झालं खरं. मथुराबाई शेजारची; तिला आठ दिवसांत अंडी मागणाऱ्या इतक्या बायका आल्या, की तिनं खरोखरच चार कोंबड्या घेतल्या.

दुसरी हिकमत शकीलाबीची. शकीलाबी बांगड्या भरते. वालूर, झरी, आजूबाजूची खेडी, तिचं जाणं नाही असं घर नाही. कौसाबाई तिच्या मागं लागली. मी म्हणालो, "बांगडीवालीचा आणि कोंबडीचा काय संबंध?" तर म्हणाली, "हजार बायका मी एकेक करून कुठं हुडकू? सगळ्या जिच्यापुढं हात करतात तिला धरली की झालं." शकीलाबी हात दाबून बांगडी चढवता चढवता नंबर घ्यायची. दुखत असतं, बाई नाही म्हणत नाही.

तिथून ग्रुप असा फुगला, की बघायला नको. कोंबड्यांच्या मागून शेळ्या आल्या, शेळ्यांच्या मागून म्हशी. कुणाची शिलाई मशीन, कुणाची मिरचीची रोपं, लग्नाची पातेली, परभणीला जाणाऱ्या जीपमधल्या रिकाम्या जागा. माणूस वाढलं की माल वाढायचा, माल वाढला की आणखी माणूस. पुरुषही आले. मी सोडून.

मी कामून गेलो नाही? खरं सांगतो. मोबाइल आला तशी ती माझ्याशी कमी बोलायला लागली, असं मला वाटायचं. सकाळी सहाला चहाच्या आधी ती ग्रुपात लिहायची, "कोणाकडं काय?" आणि तिकडून टिंग टिंग सुरू. चहा उकळून खाली. एकदा ती म्हणाली, "आवं, तुमी बी या की ग्रुपात." मी संतापात होतो. म्हणालो, "बायकांच्या कोंबड्यांत मी काय करू? मेलो तरी येणार न्हाई." तिनं परत कधी विचारलं नाही.

ग्रुपाचे नियम कडक. फुलं टाकायची नाहीत. देवाचे फोटो नाहीत. नवं माणूस आलं की आधी आपल्याकडं काय आहे ते सांगायचं, नाव नंतर. आणि कुणी वारलं तर मोबाइलात श्रद्धांजली लिहायची नाही. ती म्हणायची, "दारात जा. मोबाइलातून खांदा देता येतो का?"

आमचे रिटायर गुरुजी रोज पहाटे गुलाबाचं फूल टाकायचे. खाली सुविचार. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा काढून टाकलं. गुरुजी आमच्या ओट्यावर येऊन बसले. सगळ्या गावाला शाळा शिकवलेला माणूस, रडायच्या बेतात.

"कौसाबाई, माझ्या सुनेला पाळणा पाहिजे. ग्रुपात आलाय म्हणायलेत."

"आठ दिवस खुडूक बसा, गुरुजी. मंग घेते."

आठ दिवस बसले. पाळणा तिनं त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि तिची जबान. सखारामनं म्हैस विकायला काढली. फोटो टाकला, म्हशीच्या गळ्यात हार. कौसाबाईनं खाली लिहिलं, "म्हैस दूध भरपूर देते. लाथ बी मारते. सखारामची धाकटी सून धार काढताना पडली होती." सखाराम दारात येऊन शिव्या द्यायला लागला. मी आत बसून हसत होतो. चौथ्या दिवशी झरीचा एक पैलवान आला, लाथ मारणारीच म्हैस पाहिजे म्हणाला, आणि घेऊन गेला. सखाराम पेढे घेऊन आला. कौसाबाईनं पेढा खाल्ला आणि म्हणाली, "तुझ्या बैलाचं बी सांगू का?"

मग आलं ते फुकटवालं. नाव काही वेगळंच होतं, ती फुकटवालंच म्हणायची. पुण्याचं ॲप. एकसारखे बनियन घातलेले दोघं जण आठवडी बाजारात मांडव टाकून बसले. नाव नोंदवा, स्टीलचा डबा न्या. घरपोच टेम्पो फुकट. लाइन लागली ती पार पिंपळापर्यंत. लाइनीत सगळ्यात पुढं कोण, तर कौसाबाई. घरी आली ती दोन डबे घेऊन.

"दोन कसे?"

"एक तुमच्या नंबरावर."

"मला न इचारता?"

"डबा चांगला हाय." मग चुलीकडं तोंड करून म्हणाली, "पुण्याच्या लोकांत बसलात. आमच्यात न्हाई."

महिनाभर तिचा ग्रुप मेल्यासारखा झाला. सकाळी सहाला लिहायची, "कोणाकडं काय?" चार जणी उत्तर द्यायच्या, त्यातली एक शकीलाबी. बाकी सगळे डब्याकडं. तिचं जेवण कमी झालं. भाकरी मोडून ताटातच ठेवायची. मी आतून खूश होतो, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता मोबाइल गप बसेल आणि ही माझ्याशी बोलेल. मोबाइल गप बसला. तीही गप बसली. तेव्हा कळलं, की ती माझ्याशी जे बोलायची ते सगळं तिथूनच यायचं. सखारामची म्हैस, गुरुजींचा पाळणा, कुणाचं जुळलं, कुणाचं मोडलं. मीच ते ऐकत नव्हतो.

मी म्हणालो, "तू बी डबे वाट की."

"डब्यासाठी आलेलं माणूस डबा घेऊन जातं," ती म्हणाली. आणि फुकटवालं उघडून दिवसभर वाचत बसली.

तिथं चांदण्या द्यायची सोय होती. माल चांगला तर पाच चांदण्या, वाईट तर एक. शहरात चालत असेल. आमच्याकडं विकणारा कुणाचा तरी मेव्हणा असतो, न्हाईतर भावकीतला. त्याला चार चांदण्या दिल्या तर तो पुढच्या लग्नात पंगतीला बोलावणार नाही. म्हणून सगळ्यांनी सगळ्यांना पाच दिल्या. आटलेल्या गाईला पाच. फुटक्या पंपाला पाच. सखारामच्या बैलालाही पाच, आणि तो बैल तर गाडीला जुंपला की खाली बसायचा. पैलवानानं या चांदण्यांवर भरवसा ठेवून तोही बैल नेला. आठ दिवसांनी कौसाबाईला फोन आला.

"आक्का, बैल बसायलाय."

"मला इचारलं होतंस का?"

"पाच चांदण्या होत्या, आक्का."

"चांदण्यांनी नांगर ओढ मंग."

पण हळूहळू लोक यायला लागले. फुकटवाल्यावर फोटो बघायचे आणि कौसाबाईला येऊन विचारायचे, खरं सांगा. ती म्हणाली, तिकडं बघायचं आणि इकडं इचारायचं असं कामून? इकडंच मांडा. तेवढ्यात तिकडं टेम्पो फुकट यायचा बंद झाला, आणि विकलेल्या मालावर कापून घ्यायला लागले. सगळे परत आले. डबे ठेवून घेतले.

ते दोघं बनियनवाले एक दिवस आमच्या घरी आले. चहा झाला. म्हणाले, "आक्का, तुमची सगळी माणसं आमच्या ॲपवर आणा. तुम्हाला नोकरी देतो, वालूरची मुख्य करतो."

"तिथं कोण कोण हाय?"

"लाखो लोक आहेत, आक्का. अख्ख्या महाराष्ट्रातले."

"त्यातलं माझ्या वळखीचं कोण?"

दोघांनी कप खाली ठेवले आणि उठले. जाताना त्यातला एक हळूच म्हणाला, "आक्का, मला तुमच्या ग्रुपात घ्या ना. माझ्या आईला गावरान अंडी लागतात."

"जागा न्हाई," ती म्हणाली. "रुमाल टाकलाय."

हे जागेचं सांगायचं राहिलं. त्या ग्रुपात एक हजार चोवीस माणसं मावतात. मोबाइलवाल्यांनीच तसं ठरवलंय. कौसाबाईचे एक हजार तेवीस भरले आणि तिनं दार लावलं. एक जागा मोकळी. त्या एका जागेवरून गावात काय काय झालं. सरपंच स्वतः आले. गुरुजींच्या सूनबाई चिवडा घेऊन आल्या. सगळ्यांना एकच उत्तर, रुमाल टाकलाय. कुणासाठी, तर रुमालामागं माणूस हाय. कुणी मेलं, कुणी गाव सोडलं, की ती जागा लगेच दुसऱ्याला द्यायची. ती एक मात्र नाही.

मला वाटायचं, पोरासाठी धरली असेल. तो पुण्याला, त्याला कोंबड्यांशी काय घेणं? मी एकदा म्हणालोही, "तो काय येत न्हाई. दे की कुणाला तरी."

ती पीठ मळत होती. वर बघितलं नाही. "येईल. जातोय कुठं?"

त्या दिवशी, म्हणजे गाडीतून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळपासून आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली होती. टोपलीत बसली ती हलेना. कौसाबाई खूश. म्हणाली, कालचा माणूस अंडी घेऊन येईल बघा. दुपारी भाकरी टाकत होती. तिसरी तव्यावर होती. म्हणाली, "जरा पडते," आणि बाजेवर पडली. मी भाकरी उलटली. उलटून मागं बघितलं, तर ती नव्हती.

शकीलाबी सगळ्यात आधी आली. सवाष्ण गेली म्हणून हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. तिनं भरल्या. एकही फुटू दिली नाही.

ग्रुपात एक अक्षर आलं नाही. एक फूल नाही, हात जोडलेला फोटो नाही. तिचा मोबाइल बाजेवर तेव्हापासून गप पडून होता. आणि दार मात्र भरलं. अंगण भरलं, गल्ली भरली. झरीहून टेम्पो भरून माणसं आली. पैलवान रडताना बघवत नव्हता. सखाराम होता. गुरुजींनी हातात गुलाब आणला होता, खरा. ठेवू का म्हणून मला विचारलं. ठेवा म्हणालो. रात्री पोरगा पुण्याहून आल्यावर उचललं.

त्या गर्दीत संध्याकाळी गाडीतला तो माणूस आला होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. हातात डबा, डब्यात भुसा, भुशात बारा अंडी. डबाही फुकटवाल्याचा. तो दारात तसाच उभा राहिला. मग आत जाऊन डबा कोंबडीच्या टोपलीजवळ ठेवला आणि उचलताना पायातली चप्पल काढून पुढं खांद्याला गेला.

परत आल्यावर शकीलाबी ओट्यावर बसली होती. मी म्हणालो, "ती एक जागा कुणाला द्यायची ते तूच बघ आता. तुला बी चालवता येतं ना? पोरगा काय यायचा न्हाई."

"किसका पोरगा?" ती म्हणाली. "भाऊ, वो जगा तुमची हाय. चार साल से. सरपंचाला न्हाई दिली, कुणालाच न्हाई दिली."

"मला कधी बोलली न्हाई."

"बोलती कैसी? तुमी बोलले, मेलो तरी येणार न्हाई. मरने की बात निकली, के वो चुप." तिनं पदरानं डोळे पुसले. "वो बोलती थी, ह्यांना गाडीत चढायला येळ लागतो. रुमाल टाकून ठेवायचा बस."

मी तिथंच बसलो. जेवण कुणीतरी आणून ठेवलं होतं, ते गार झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाग आली. टिंग वाजलं नाही म्हणून आली असेल. घरात पोरगा झोपलेला. चूल बंद. हजार माणसं गावोगाव उठून बसली असतील आणि कुणीच पहिलं लिहीत नव्हतं.

मी डबा उघडला. एकेक अंडं भुसा झटकून कोंबडीखाली सारलं. दोनदा चोच मारली तिनं. बारा. सुतकात हे चालतं का मला ठाऊक नाही. कोंबडीला सुतक नाही.

शकीलाबी चहाची किटली घेऊन आली. मी माझा मोबाइल तिच्यापुढं धरला. म्हणालो, "टाक मला."

तिनं आपल्या मोबाइलवर बोट फिरवलं. "हो गया. एक हजार चोवीस." मग म्हणाली, "भाऊ, कौसाबी का नंबर काढू का? लय लोक बाहर उभे हायत."

"काढू नको," मी म्हणालो. "रुमाल म्हणून राहू दे."

नियम आहे, नव्या माणसानं आधी आपल्याकडं काय आहे ते सांगायचं. एका बोटानं लिहायला मला चहा गार होईस्तोवर वेळ लागला. लिहिलं, "तांबडी कोंबडी बसवली. बारा अंडी. एकवीस दिवसांनी पिल्लं. कोणाला पाहिजेत?"

पाठवलं. बाजेवर तिचा मोबाइल वाजला, टिंग.